हद्दीपलीकडचा कागद

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या अरविंद निवासात लोक ध्यानाला जातात. मी तिथे गेलो की मला आठवण होते ती एका वर्तमानपत्राची. १८९३ च्या फेब्रुवारीत इंग्लंडहून परतलेले अरविंद घोष सयाजीराव महाराजांच्या नोकरीत रुजू झाले. सहा महिने पुरते उलटलेही नव्हते, आणि ७ ऑगस्टला मुंबईच्या ‘इंदुप्रकाश’मध्ये त्यांच्या लेखमालेचा पहिला लेख आला. मालेचं नाव ‘न्यू लॅम्प्स फॉर ओल्ड’. ‘इंदुप्रकाश’ इंग्रजी आणि मराठी अशा दोन्ही भाषांत निघत असे. इंग्रजी बाजू केशवराव देशपांडे पाहत होते, आणि ते अरविंदांचे केंब्रिजचे मित्र होते. लेखांवर नाव नव्हतं. काँग्रेसच्या अर्जविनंत्यांचा त्यात इतका कडक समाचार घेतला होता की दोनच लेख छापून झाले आणि न्यायमूर्ती रानड्यांनी पत्राच्या मालकाला बजावलं, हे असंच चाललं तर राजद्रोहाचा खटला होईल. पुढचे लेख मवाळ झाले, दोन लेखांमधलं अंतर वाढलं, आणि मार्च १८९४ मध्ये माला बंद पडली.

रानड्यांनी बजावलं ते मालकाला. लेखक गायकवाडांच्या हद्दीत बसला होता आणि पत्र इंग्रजांच्या हद्दीत छापलं जात होतं. बडोद्यातून कागद निघायचा, मुंबईत त्याची बातमी व्हायची, आणि या दोन गावांच्या मधे एक सीमा होती. ही ढाल काही फार जाड नव्हती. बडोद्याच्या छावणीत इंग्रजांचा रेसिडेंट होताच. तरी निनावीपण आणि हद्द या दोन गोष्टींनी एका तरुण लेखकाला काही महिने बोलू दिलं. पुढे कलकत्त्यात ही दुसरी गोष्ट उरली नाही. १९०७ मध्ये ‘वंदे मातरम्’वर खटला झाला तेव्हा अरविंद संपादक आहेत हे सरकारला सिद्ध करता आलं नाही आणि ते सुटले. शिक्षा झाली ती पत्राच्या मुद्रकाला. अरविंदांची चरित्रं वाचताना मी या मुद्रकापाशी नेहमी थांबतो. आघात वरून खाली सरकत जातो आणि सर्वांत खाली जो असतो त्याच्यावर येऊन थांबतो. पत्रकाराच्या सुरक्षेचा विचार मला त्याच्यापासून सुरू करावासा वाटतो.

हद्दीची ही फट संस्थानिकांनाही टोचत होती, फक्त उलट्या बाजूने. संस्थानात जे छापता येत नसे ते ब्रिटिश मुलखातल्या पत्रांत छापून येई. १९१० चा प्रेस ॲक्ट १९२२ मध्ये रद्द झाला तेव्हा राजेरजवाड्यांच्या बाजूने ओरड झाली की आता त्यांना वर्तमानपत्रांपासून संरक्षण उरलं नाही. मध्यवर्ती विधिमंडळाने तसं विधेयक मांडायलाच परवानगी नाकारली. व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी आपला खास अधिकार वापरला आणि तो कायदा आणलाच. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या पत्राने संस्थानिकाविरुद्ध अप्रीती पसरवली तर तुरुंग. कायद्याच्या नावातच ‘संरक्षण’ हा शब्द होता, आणि ते संरक्षण राजाचं होतं. म्हणजे हद्द ओलांडून पत्रकाराला गाठायचं कसं हे राज्यकर्त्यांना शंभर वर्षांपूर्वीच जमलं होतं. हद्द ओलांडून त्याला वाचवायचं कसं, हा प्रश्न आपण अजून पुरता सोडवलेला नाही.

तसा प्रयत्न मात्र त्याही आधी झाला होता, आणि तो एका मराठी संपादकासाठी होता. १४ सप्टेंबर १८९७ रोजी टिळकांना ‘केसरी’तल्या लिखाणाबद्दल दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. ऑक्सफर्डचे मॅक्समुल्लर, सर विल्यम हंटर, दादाभाई नौरोजी अशा मंडळींनी त्यांच्या सुटकेसाठी राणीकडे अर्ज केला. टिळक ६ सप्टेंबर १८९८ ला, मुदतीच्या सहा महिने आधी, सुटले. अर्जामागे ‘ओरायन’चे कर्ते टिळक होते, वेदांचा काळ ठरवणारा पंडित होता. ऑक्सफर्डने पंडिताला ओळखलं म्हणून संपादक लवकर बाहेर आला.

त्याच १८९७ साली इस्लामपूरच्या ‘प्रतोद’ या लहानशा पत्राच्या संपादकावरही राजद्रोहाचा खटला झाला. साताऱ्याच्या कोर्टाने त्याला जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली. कॅनडाचं उदाहरण देऊन स्वातंत्र्याच्या तयारीविषयी लिहिल्याची ही शिक्षा. पुढे हायकोर्टाने ती पुष्कळच खाली आणली. राजद्रोहाच्या कायद्याच्या पुस्तकांत हा खटला आजही वाचायला मिळतो, पण त्या संपादकासाठी ऑक्सफर्डहून कागद आला नाही. वेदकाळावर ग्रंथ लिहिलेला नसेल तर इस्लामपूरच्या माणसाला कोण ओळखणार?

माझं म्हणणं इथे आहे. पत्रकाराला बाहेरून मिळणारं संरक्षण आजवर नावाला मिळत आलं आहे. ते कामाला मिळालं पाहिजे. नाव असलेल्या माणसासाठी जग धावतं, तेही कधी कधीच. तालुक्याच्या वार्ताहराला नाव नसतं, त्याच्याजवळ असते फक्त त्याची बातमी. संरक्षण त्या बातमीला चिकटलं तरच ते त्याच्यापर्यंत पोचेल.

आज जी आंतरराष्ट्रीय व्यवस्था आहे ती प्रथम युद्धाच्या विचारातून उभी राहिली. १९४९ च्या जिनिव्हा करारात युद्धवार्ताहर पकडला गेला तर त्याला युद्धकैद्याचा दर्जा आहे. १९७७ च्या पहिल्या पूरक करारातलं ७९ वं कलम युद्धभूमीवरच्या पत्रकाराला नागरिक मानतं. भारत त्या पूरक करारात सामील झालेला नाही. सुरक्षा परिषदेने २००६ आणि २०१५ मध्ये दोन ठराव केले, तेही सशस्त्र संघर्षातल्या पत्रकारांविषयीच. हे सगळं हवंच. पण जगात ज्या पत्रकारांचे खून होतात ते बहुतेक आपल्याच गावात, आपल्याच भाषेत, वाळू, जमीन, ठेका, पंचायत, पक्ष यांविषयी लिहिणारे असतात. त्यांच्या गावात युद्ध जाहीर झालेलं नसतं.

या माणसांसाठी संयुक्त राष्ट्रांनी कृतियोजना केली ती १२ एप्रिल २०१२ रोजी. त्याच्या आदल्याच महिन्यात पॅरिसला युनेस्कोच्या बैठकीत या मसुद्यावर ज्या देशांनी आक्षेप घेतले त्यांत पाकिस्तान आणि ब्राझील यांच्याबरोबर भारतही होता. टिळकांच्या देशाने या कामात पहिला हात लावायला हवा होता, आणि आपला प्रतिनिधी आक्षेप घेणाऱ्यांच्या रांगेत दिसावा याचं मला मनापासून वाईट वाटतं. पुढच्या वर्षी, २ नोव्हेंबर २०१३ ला, मालीतल्या किदाल गावात रेडिओ फ्रान्स इंटरनॅशनलचे गिस्लेन द्युपाँ आणि क्लोद व्हेर्लाँ यांचा खून झाला. त्याच डिसेंबरात आमसभेने २ नोव्हेंबर हा दिवस पत्रकारांच्या मारेकऱ्यांना मोकळं सुटू न देण्याच्या निर्धाराचा म्हणून ठरवला.

युनेस्कोची कामाची रीत साधी आहे. कुठेही पत्रकाराचा खून झाला की महासंचालक नाव घेऊन निषेध करतात. मग त्या देशाच्या सरकारला विचारणा जाते की तपास कुठवर आला, खटला उभा राहिला का, निकाल लागला का. उत्तर देणं सरकारच्या मर्जीवर असतं. युनेस्कोच्याच २०२४ च्या अहवालाप्रमाणे अशा खुनांपैकी ८५ टक्के प्रकरणांचा निकाल लागलेला नाही. हा आकडा पुढे करून पुष्कळ लोक म्हणतात की ही पत्रं लिहिणारी संस्था आहे, पत्राने काय होतं? मला हे पटत नाही. खून झाल्यावर पहिल्या आठवड्यात सगळेच बोलतात. पाचव्या, आठव्या वर्षी कोण विचारतो, यावर निकाल ठरतो. ‘साधना’चे संपादक डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात झाला आणि निकाल १० मे २०२४ ला लागला. गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप झाली, तिघे निर्दोष सुटले, सूत्रधार कोण याचं उत्तर मिळालं नाही. एवढं तरी झालं ते मुंबई उच्च न्यायालय वर्षानुवर्षं तपासावर लक्ष ठेवून होतं म्हणून, आणि त्यांचं कुटुंब व सहकारी दर महिन्याच्या वीस तारखेचा विसर पडू देत नव्हते म्हणून. दरवर्षी येणारी विचारणा हेही तसलंच लक्ष आहे. ती येते तेव्हा कुठल्या तरी खात्यात फाइल उघडून उत्तर लिहावं लागतं. त्या विचारणेला दात नाहीत एवढीच तिची उणीव. उत्तर देणं बंधनकारक करावं, आणि न दिलेल्या उत्तरांची यादी देशाच्या नावासकट आमसभेत वाचली जावी.

हद्दीचा खेळ मुंबईकरांनी जवळून पाहिला आहे. ११ जून २०११ ला पवईत ‘मिड-डे’चे ज्योतिर्मय डे यांना भर दिवसा मोटरसायकलवरून आलेल्यांनी गोळ्या घातल्या. हुकूम परदेशातून सुटला होता. छोटा राजन बाहेर होता आणि त्याचा शब्द फोनवरून मुंबईत पोचत होता. त्या शब्दाला पासपोर्ट लागला नाही. राजनला २०१५ मध्ये इंडोनेशियात बाली इथे पकडून भारतात आणलं गेलं, आणि २ मे २०१८ ला विशेष न्यायालयाने त्याला आणि आणखी आठ जणांना जन्मठेप दिली. म्हणजे मनात आणलं तर देशादेशांचे पोलीस एकमेकांचा हात धरून आरोपीला घेऊन येतात. डे यांच्यासाठी हे घडलं कारण राजन इतर डझनावारी गुन्ह्यांतही हवा होता. एकट्या पत्रकाराच्या खुनासाठी ही यंत्रणा इतकी हलली असती असं मला वाटत नाही. पत्रकार जमाल खशोगी यांचा खून २ ऑक्टोबर २०१८ ला इस्तंबूलच्या सौदी वकिलातीत झाला, आणि एप्रिल २०२२ मध्ये तुर्की न्यायालयाने तो खटला सौदी अरेबियाकडेच सोपवला. ज्यांच्या वकिलातीत माणूस मारला गेला, त्यांच्याच हाती त्याचा न्याय गेला.

आता राजापूर. ६ फेब्रुवारी २०२३ ला पत्रकार शशिकांत वारिशे यांनी लिहिलेली बातमी ‘महानगरी टाइम्स’मध्ये छापून आली. बारसूच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाचा पाठीराखा असलेल्या एका माणसाविषयीची ती बातमी होती. गुन्हे नावावर असलेला हा माणूस बॅनरवर पंतप्रधान आणि मुख्यमंत्र्यांच्या बरोबरीने झळकतो आहे, असं तिच्यात म्हटलं होतं. त्याच दिवशी वारिशे दुचाकीवरून जात असताना त्याच माणसाच्या गाडीने त्यांना उडवलं. दुसऱ्या दिवशी कोल्हापूरच्या रुग्णालयात त्यांचा मृत्यू झाला. सुरुवातीला सदोष मनुष्यवधाचं कलम लावलं गेलं. राज्यभर पत्रकार रस्त्यावर उतरल्यानंतर खुनाचं कलम आलं आणि विशेष तपास पथक नेमलं गेलं.

महाराष्ट्रात तेव्हा पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्धचा कायदा होता. एस. एम. देशमुख आणि पत्रकार हल्लाविरोधी कृती समितीने त्यासाठी वर्षानुवर्षं झगडा केला. विधिमंडळाने तो एप्रिल २०१७ मध्ये मंजूर केला आणि राष्ट्रपतींची संमती मिळून २०१९ मध्ये तो लागू झाला. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र, तपास उपअधीक्षकाच्या खालच्या अधिकाऱ्याकडे नाही, तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड. कागदावर हे चांगलं आहे. पण त्यातली पत्रकाराची व्याख्या वाचा. पत्रकारिता हा ज्याचा मुख्य व्यवसाय आहे आणि जो माध्यमसंस्थेत नोकरीवर किंवा कंत्राटावर आहे, तो पत्रकार. तालुक्याचा वार्ताहर कसा जगतो हे ज्याने पाहिलं आहे त्याला कळेल की इथे दार अर्धं लागतं. त्याच्याकडे नेमणुकीचं पत्र नसतं. बातमीमागे मिळतं ते मानधन, आणि कित्येकदा तेही नाही. घर चालतं शेतीवर, झेरॉक्सच्या दुकानावर, बायकोच्या शिवणावर. वर दिवाळी अंकाच्या जाहिरातींचं टार्गेट त्याच्याच डोक्यावर असतं, आणि जाहिरात मागायला जावं लागतं ते ज्याच्याविरुद्ध बातमी द्यायची त्याच्याकडेच. अधिस्वीकृतीपत्र शहरातल्यांकडे. त्याला मारहाण झाली की मालक म्हणतो, तो आमचा कर्मचारी नाही.

इथे एक आक्षेप येतो आणि तो खोटा नाही. कार्ड दाखवून खंडणी उकळणारे, बातमी न छापण्याचे पैसे घेणारे तालुक्यातालुक्यांत आहेत. त्यांनी या पेशाचा विश्वास खाल्ला आहे. या कायद्यात खोटी तक्रार करणाऱ्याला शिक्षा आहे ती त्यांच्या धाकाने. पण यावरचा उपाय माणूस तपासण्यात नाही. त्याने छापलेलं तपासा. छापलेलं लोकहिताचं आहे का, त्यासाठी त्याच्यावर हात उचलला गेला का, हे दोन प्रश्न विचारले की नोकरीचा कागद नसलेला वारिशेंसारखा माणूस आत येतो आणि अधिस्वीकृती मिरवणारा खंडणीखोर बाहेर राहतो. दुसरा आक्षेप असा की खून तो खून, पत्रकाराचा जीव शेतकऱ्याच्या जिवाहून मोलाचा का? मुळीच नाही. मात्र पत्रकाराच्या खुनात मारेकऱ्याला दोन गोष्टी हव्या असतात, माणूस गप्प व्हावा आणि त्याने काढलेलं प्रकरण कोणी पुन्हा उकरू नये. पहिल्यासाठी कोर्ट आहे. दुसऱ्यासाठी आपल्या कुठल्याच कायद्यात काही तरतूद नाही.

आणि इथे जगाकडून शिकण्यासारखं खूप आहे. १९७६ च्या जूनमध्ये अमेरिकेत फिनिक्स शहरात डॉन बोल्स या पत्रकाराच्या मोटारीत स्फोट झाला आणि अकराव्या दिवशी तो गेला. देशभरातल्या पत्रांचे वार्ताहर रजा काढून, मालकांची परवानगी घेऊन फिनिक्सला आले आणि त्याने हाती घेतलेला विषय त्यांनी मिळून तडीला नेला. माल्टात १६ ऑक्टोबर २०१७ ला डाफ्नी कारुआना गालिझिया यांना मोटारीतल्या बॉम्बने मारलं. पुढच्या एप्रिलमध्ये पंधरा देशांतल्या अठरा वृत्तसंस्थांचे पंचेचाळीस पत्रकार त्यांच्या अर्धवट राहिलेल्या कामावर एकदम लिहू लागले. पॅरिसच्या ‘फॉरबिडन स्टोरीज’ने ही जुळवाजुळव केली होती. २०१९ मध्ये युरोप परिषदेच्या संसदीय सभेने माल्टाला तीन महिन्यांची मुदत घालून स्वतंत्र चौकशी नेमायला सांगितलं. पंतप्रधानांना पायउतार व्हावं लागलं, आणि जुलै २०२१ मध्ये तीन न्यायाधीशांच्या मंडळाने म्हटलं की या मृत्यूची जबाबदारी राज्यसंस्थेने घेतली पाहिजे. पाच लाख वस्तीचा तो देश. आपल्या वडोदरा शहरात त्याच्या कितीतरी पट माणसं राहतात. तिथे हे झालं, कारण विचारणाऱ्या सभेने मुदत घातली होती आणि बातमी थांबलेली नव्हती.

आपल्याकडे बारसूची बातमी थांबली नाही हे खरं. एप्रिल २०२३ मध्ये माती परीक्षण सुरू झालं तेव्हा मुंबईचे कॅमेरे तिथे पोचले. पण मुंबईहून गेलेल्याला दिसतात पोलीस आणि आंदोलक. कोणता गट नंबर कोणी कधी घेतला, कोणाच्या नावावर घेतला, तलाठ्याने नोंद कशी केली, हे गावातल्या वार्ताहराला ठाऊक असतं, आणि तो गेला की ते ज्ञानही जातं.

‘फॉरबिडन स्टोरीज’ने एक तिजोरी ठेवली आहे. धोक्यात असलेला पत्रकार आपली कागदपत्रं तिथे आगाऊ सुरक्षित ठेवतो. त्याचं काही बरंवाईट झालं तर दुसरे ती घेऊन काम पुढे नेतात. मारू पाहणाऱ्याला हे ठाऊक झालं की त्याचा हिशेब चुकतो, कारण माणूस मारल्याने बातमी मरत नाही. सगळ्या आंतरराष्ट्रीय प्रयत्नांत मला हा सर्वांत शहाणा वाटतो. पण पॅरिसमध्ये सातबारा कोण वाचणार? फेरफाराची मराठी नोंद, गुजराती दस्तावेज, तलाठ्याची सही हे ज्याला कळतं त्याच्याच हाती ही तिजोरी असायला हवी.

हे काम आम्ही बडोदेकर करू शकतो. महाराष्ट्राचा तो कायदा अच्छाडच्या नाक्यापाशी संपतो. गुजरातेत तसा कायदा नाही, आणि तो व्हावा म्हणून इथल्या मराठी आणि गुजराती पत्रकारांनी एकत्र मागणी केली पाहिजे. पण तोवर? या शहरात दोन्ही भाषा रोज वाचणारी माणसं आहेत, निवृत्त वकील, महसूल खात्यात हयात घालवलेले अधिकारी, विद्यापीठातले प्राध्यापक, मराठी वाङ्मय परिषदेसारखी जुनी संस्था. १९२१ मध्ये इथल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष ‘केसरी’चे न. चिं. केळकर होते. २०१८ मध्ये इथेच अध्यक्षपदावरून लक्ष्मीकांत देशमुखांनी राजा चुकत असेल तर त्याला तसं तोंडावर सांगण्याची भाषा केली. ते वाक्य आम्ही अभिमानाने सांगतो. ज्याच्या बातमीमुळे राजाची चूक आधी कळते त्या वार्ताहरासाठीही आम्ही काही केलं पाहिजे.

१८९३ मध्ये बडोद्याचा कागद हद्दीपलीकडे मुंबईला जात होता. आता तो दोन्ही बाजूंनी जावा. राजापूरचा कागद बडोद्यात यावा, पादरा, डभोई, सावलीचा पुण्याला जावा. महिन्यातून एकदा दोन्हीकडच्या चार-पाच जाणत्या माणसांनी बसून आलेलं वाचावं, कागद खरे आहेत का ते पडताळावं, पाठवणाऱ्याचं नाव कुलपात ठेवावं. खर्च फार नाही. एक खोली, एक संगणक, शब्द पाळणारी माणसं. तालुक्यातला एखादा वार्ताहर रात्री उशिरा आपल्या पत्राला बातमी पाठवेल, तेव्हा तिची एक प्रत त्याने आमच्याकडेही धाडावी. आम्ही पोच देऊ. दुसऱ्या दिवशी त्याला फोन करू. त्याने उचलला नाही तर पुन्हा करू, त्याच्या घरी करू, ठाण्यात करू. आणि तरीही त्याचा आवाज ऐकू आला नाही, तर ती बातमी त्याच आठवड्यात, त्याच्या नावानिशी, दोन्ही राज्यांत आणि दोन्ही भाषांत छापून आणू.